फी-माफीचे सुभेदार

आमच्या शेजारचे सुभेदार म्हणजे अख्ख्या सोलापुरातला एकमेव माणूस, ज्याला कॉलेजप्रवेशाचे दिवस दिवाळीपेक्षा जास्त आवडतात. बारावीचा निकाल लागला की त्यांच्या अंगात वारं शिरतं. माजी सैनिकांच्या मुलांना कॉलेजची शिक्षण फी माफ होते, हे त्यांना फौजेतून परतल्यावर कळलं आणि तेव्हापासून ते साऱ्या जगाला सांगायचा त्यांनी विडाच उचललाय. स्वतःची मुलं शिकून कामाला लागली, म्हणून आता दुसऱ्यांची शोधतात. बार्शीच्या एका लग्नात पंगतीला ताठ बसलेला मिशाळ गृहस्थ दिसला, तर हे ताट सोडून उठले. "कुठली पलटण? पोरं कितवीत हायती?" गृहस्थ बँडवाल्यांचा म्होरक्या निघाला. सुभेदार खचले नाहीत. त्याच्या मेहुण्याचा भाऊ फौजेत होता, एवढं काढून घेऊनच जिलेबीकडे वळले. आणि या सवलतीला चुकूनही फुकट म्हणायचं नाही. मी एकदा म्हणालो. "फुकट न्हाय! आधीच भरलीय की ती, बर्फात हुबं राहून!" असं गल्लीभर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, आणि वर चहाही पाजला.

यंदा प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला मोटारसायकलवर घालून वळसंगला नेलं. त्यांच्या पलटणीतला एक हवालदार निवृत्तीनंतर वारला होता. त्याच्या लेकीचं, अश्विनीचं, बी.एस्सी.च्या यादीत नाव लागलंय, पण फीपायी ती घरीच बसणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं. अश्विनीची आई दारातच म्हणाली, "भावजी, आता हेच न्हाईत, तर त्यांची सवलत कशाची?"

"वैनी, माणूस गेला. हक्क कुटं गेलाय? चला, पाचला खिडकी बंद हुतीया!"

आधी माजी सैनिकांच्या कार्यालयातून दाखला, मग कॉलेज. मायलेकी रिक्षात, आम्ही पुढं. चौकाचौकात सुभेदार हात वर करून असा रस्ता मोकळा करत होते, जणू मागून तोफखानाच येतोय. खरं सांगायचं तर मला लई मजा येत होती.

खिडकी बंद व्हायच्या बेतात आम्ही धापा टाकत पोचलो. कारकुनानं दाखला उलटसुलट पाहिला. "शिक्षण फी माफ. परीक्षा फी तेवढी भरा." मी तर टाळीच वाजवली. मग त्यानं विचारलं, "वडिलांचं नाव?"

"कैलासवासी..." म्हणून अश्विनी अडखळली. पुढचं तिच्या तोंडून फुटेना.

सुभेदार खिडकीशी वाकले. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "साहेब, आधी हवालदार लिवा. कैलासवासी मागनं लिवा."

कारकुनानं मान वर करून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं. आईनं पदर तोंडाशी धरला. अश्विनीनं मात्र आता वडिलांचं नाव खणखणीत सांगितलं.

परतताना सुभेदारांनी एकाही चौकात हात वर केला नाही. मागे बसल्या बसल्या मला फार वाटत होतं, या माणसानं आता कुणावर तरी ओरडावं.