अबू नबीलच्या आईने दिलेला तेलाचा डबा

मंडळी, दुपारपासून कशात लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

परवाच सीरियाची सहल करून कुवेतला परतलो. इथल्या शुऐबा भागातल्या प्लँटवरचा आमचा फोरमन अबू नबील तिकडचा. "जाताय तर आईला भेटून या," म्हणाला, म्हणून गेलो. डोंगरावरचं गाव, भोवती जुनी दगडी तटबंदी, उतारावर ऑलिव्हच्या बागा. तिथलं तेल नावाजलेलं. आईने लेकासाठी डबाभर दिलं, पण अंथरुणातूनच. घरात पाय घसरून पडल्यापासून ती उठलेलीच नाही.

"त्याला सांगू नका, नोकरी सोडून धावत येईल," असं तिने सुनेकरवी इंग्रजीतून मला बजावलं.

आज फरवानियाला त्याच्या खोलीवर जाऊन डबा दिला. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "आई तटाच्या दरवाजापर्यंत सोडायला आली होती ना? पाहुण्याला ती तिथवर सोडतेच."

"आली होती," मी म्हणालो.

तो इतका खूश झाला, की मी त्याचा चहा अर्धाच टाकून निघालो.

घरी येऊन आधी नाशिकला फोन लावला. आई म्हणाली, "मी ठणठणीत आहे रे, तू नको काळजी करूस."

दर शुक्रवारी ती हेच म्हणते. आज पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

या सुट्टीत नाशिकला कोण जातंय? आमच्या घरी डोकावाल? बेल वाजवा आणि दार कोण उघडतं ते बघा.

आणि आईने काहीही बजावलं, तरी मला खरं सांगा.