त्याच्या बापाला कळवलं होतं

पोलीस चौकीत एकच खुर्ची रिकामी होती. ती त्यांनी सरदाराला दिली. मी त्याच्या आधी आले होते. मी उभीच.

सरदार म्हणजे आमच्या बों अक्योय गावच्या उसाच्या मळ्यावरचा मुकादम. त्याच्या मुलाने माझ्या खांद्यावर कोयता मारला होता. मी लग्नाला नाही म्हटलं म्हणून. आमचं हे बेट इंग्रजांपासून स्वतंत्र होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती.

"किसानला सा?" ही कोण, असं हवालदाराने बेटावरच्या बोलीत मला नाही, शिपायाला विचारलं.

"जिला कोयता लागला ती," मीच म्हणाले.

"झाफेर फिनी." प्रकरण संपलं. त्याने मान वर केली नाही.

मी एवढंच विचारायला गेले होते, की तो सुटला हे मला का सांगितलं नाही.

त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली होती. आमच्या घरात वर्षं गणपतीवर मोजायची रीत. बाबांनी बोटं धरून सांगितलं, तीन गणपती होईस्तोवर तो आत. तिसऱ्याच्या आधी मला दूर व्हाकोआ गावी मावशीकडे पाठवायचं ठरलं. त्या हिशोबावर मी झोपायला लागले. एकटी विहिरीवर जायला लागले. वेडेच होतो आम्ही. शिक्षेतही सूट मिळते, हे आमच्यात कुणाला माहीतच नव्हतं.

दुसरा गणपती बसला. आमच्याकडे त्या दिवशी दार बंद करत नाहीत. झाकरी नाचणारे पुरुष घरोघर फिरतात. ते आमच्या अंगणात नाचले, आरती झाली, आणि मी प्रसाद वाटायला लागले. एकेक हात पुढे येत होता. एका हातावर मी मोदक ठेवला आणि मग वर पाहिलं.

तोच होता.

"बरी हायस ना?" तो म्हणाला.

 बाबांनी त्याला पाहिलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"सणाचा दिस हाय, पोरी," ते म्हणाले. "दारातनं कुणाला काढत नाय."

बाबा आता नाहीत. मी त्यांना या एका वाक्याची माफी दिलेली नाही. देता येत नाही, आणि त्याचंही मला रडू येतं.

तो आठ दिवसांपासून गावात होता. अर्ध्या गावाला ठाऊक होतं. शेजारची काकी म्हणाली, "तू भिशील म्हणून नाय सांगितलं गो."

म्हणून मी चौकीत गेले. हवालदार म्हणाला, तो आत नीट वागला, तिसरा हिस्सा माफ झाला. "त्याच्या बापाला कळवलं होतं. न्यायला कुणी नको?"

"आणि मला?"

"तुला कशाला? तू जाणार होतीस न्यायला?"

शिपाई हसला. सरदार हसला. मीही ओशाळून थोडी हसले. त्या हसण्याची लाज मला खांद्याच्या व्रणापेक्षा जास्त वाटते.

मग माझ्या आत काहीतरी थांबलं. मी म्हणाले, "रक्त माझं सांडलं. लिहून घ्या, मी विचारायला आले होते." त्याने लिहिलं नाही. मी हलले नाही. ऊन उतरेपर्यंत तिथे उभी राहिले. शेवटी त्याने वही ओढली आणि एक ओळ खरडली.

त्याने काही बदललं नाही. गाव मलाच सोडावं लागलं. आई गेली तेव्हा मी व्हाकोआला होते, आणि तो तिच्या तिरडीमागून चालला.

आता मी रोझ हिल शहरात एका वकिलाकडे टायपिंग करते. गेल्या वर्षी तो पुन्हा आत गेला. या वेळी स्वतःच्याच बायकोला मारलं म्हणून. तिचा जबडा मोडला होता. मी तिच्या माहेरी गेले. तिची आई बोटांवर वर्षं मोजत होती. मी तिची बोटं धरली आणि मिटली.

"कोर्टात सांगितलं तेवढं धरू नका," मी म्हणाले. "तो आधी सुटेल."

दर महिन्याला मी तुरुंगाच्या फाटकावर जाते. तू त्याची कोण, असं विचारतात. कोणी नाही, म्हणते. आत आहे का, कधी सुटणार, एवढं सांगा. दोनदा हाकललंय. तुरुंगाला टाइप करून पाठवलेली पत्रं कचऱ्याच्या टोपलीत गेली असतील. मी पुन्हा टाइप करते. त्याच्या सुटकेचा दिवस त्याच्या बापाच्या आधी त्याच्या बायकोला, त्या पोरीला कळला पाहिजे. तो दिवस मी तुरुंगवाल्यांकडून काढून घेणार.