पाना न लागणारा नट

बसवंतचे समोरचे दोन दात जे. पी. नगरातल्या एका स्वयंपाकघरात, सिंकखालच्या कपाटात पडले. तो पाठीवर आडवा होता, डोकं फिनाईलच्या बाटल्यांत, पाय बाहेर फरशीवर. वर देवाप्पा नळ धरून उभा. नळ बसवायची यांची रीतच तशी. एकानं वरून नळ सरळ धरायचा, दुसऱ्यानं खाली अंधारात शिरून लांब पान्यानं नट आवळायचा. वरच्यानं क्षणभर धरणं सोडलं की नळ फिरतो, पाना सुटतो, आणि खालच्याला तोंड फिरवायलाही जागा नसते. त्या दिवशी देवाप्पानं मोबाइल बघायला हात काढला.

बसवंत रक्त गिळतच बाहेर आला. त्यानं तोच पाना देवाप्पाच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज घरच्या वासंतीताईंना हॉलमध्ये ऐकू आला. त्या धावत आल्या तेव्हा दोघं ओट्याशी एकमेकांच्या नरड्याला भिडले होते. ताईंनी आधी गॅसवरचं उकळतं दूध बाजूला केलं, आणि मग तांब्याभर गार पाणी दोघांच्या तोंडावर मारलं.

देवाप्पा हा बसवंतचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, कावेरीचा, पाठचा भाऊ. दोघं निपाणीकडचे, बारा वर्षांपूर्वी शहरात बनशंकरी भागात येऊन राहिलेले, आणि तेव्हापासून जोडीनं काम करणारे. मारामारी काही पहिलीच नव्हती. देवाप्पानं एकदा नात्यातल्या लग्नात बसवंतच्या कानाचा लचका तोडला होता. बसवंतनं एकदा त्याला शिडीसकट ढकललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एकाच स्कूटरवर कामाला जात, मागं बसलेला पुढच्याच्या खांद्याला धरून. दवाखान्यात कावेरी दरवेळी एकच सांगायची, काम करताना पाना निसटला.

या खेपेला मात्र तिनं नवऱ्याच्या तोंडात लवंगेच्या तेलाचा कापूस कोंबला आणि समोर बसली.

"दात गेले तर गेले. पण एक दिवस तुमच्यातला एक मरणार. मग एक मसणात आणि एक जेलात. त्यात मला काय राहिलं, सांगा की."

बसवंतनं कापूस जिभेनं दाबला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

पण त्या रात्रीपासून त्याच्या डोक्यात नळ बसवायचं ते एक भोक बसलं. एका भोकाशी दोन माणसं, सगळी भांडणं तिथलीच. वरच्याचा हात खालच्याला दिसत नाही आणि खालच्याचा जीव वरच्याला कळत नाही. एकट्याला नळ बसवता आला तर? तर देवाप्पा त्याच्या बाथरूममध्ये, आपण आपल्या. जेवायच्या सुट्टीत तेवढी भेट.

युक्ती त्याला वायरमनकडं बघून सुचली. ते वायरी बांधायला दातेरी पट्टी वापरतात, एकदा ओढली की मागं येत नाही. नटही तसाच असला तर? नळाच्या आटे पाडलेल्या सळईवर फिरवत न्यायला नको, नुसता वर ढकलायचा, आत दात धरतील. शेवटी बोटांनी दोन फेरे दिले की झालं. त्यानं नायलॉनचा जाड तुकडा आणला आणि पायरीवर बसून कानशीनं घासायला घेतला.

नटानं त्याला जेवढं मारलं तेवढं देवाप्पानंही कधी मारलं नसेल. पहिल्या नटाला त्यानं बोटांनी पिळायला धातूचे कान लावले, जोर जास्त झाला, बेसिन फुटलं आणि चिनी मातीची खपली तळहातात हाडापर्यंत गेली. सात टाके पडले. दुसऱ्याचे दात घसरले आणि अख्खा पितळी नळ पायावर आला. अंगठ्याचं नख काळं पडून गळालं. कावेरी हळद दाबत म्हणाली, "ह्याच्यापेक्षा माझा भाऊ बरा, निदान हाक तरी मारतो आधी."

तिसरा नट बसला. पांढरा, दोन मोठे कान असलेला, खाली रबराची चकती. कपाटाच्या दाराशी नुसतं बसायचं, एक हात वर नळावर, एक आत. आडवं व्हायला नको, पाना नको, दुसरा माणूस नको. त्यानं असे वीस घासून ठेवले. देवाप्पाला दसऱ्यानंतर सांगू म्हणाला. त्याचा खांदा नुकताच जुळला होता आणि तो तसाही तिरसटला होता.

खंडेनवमीला सकाळी कावेरीनं पाटावर सगळी हत्यारं मांडली. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. तेवढ्यात व्हाइटफील्डच्या साइटवरून सुपरवायझर रणजीतचा फोन आला. तो नागपूरचा.

"बसवंतभाऊ, उद्या लोक गृहप्रवेशाला येऊन राहिले. सातव्या माळ्यावर अठरा नळ बाकी आहेत."

"आज हत्यार धरत नाही साहेब आम्ही."

"मग हातानं बसव ना राजा."

तो चेष्टेनं म्हणाला, पण बसवंतनं पिशवी उचलली.

"देवाप्पाला सांगितलासा?" कावेरीनं विचारलं.

"हत्याराला शिवायचंच नाही, मग त्याला सांगायचं काय?"

त्याला खरंच तसं वाटलं होतं. पाटावरच्या एकाही वस्तूला धक्का न लावता तो गेला, म्हणजे सण पाळला आणि कुणाचं काही घेतलं नाही, असा त्याचा हिशेब.

रस्त्यावर जागोजाग गाड्यांच्या पूजेचे कोहळे फुटलेले, त्यांतलं कुंकू चाकांनी पसरलेलं. दुपारी दोनपर्यंत त्यानं चौदा नळ बसवले. रणजीतनं एका नळाला मोबाइलवर वेळ लावली, चार मिनिटं. त्यानं व्हिडिओ काढला आणि देवाप्पाही असलेल्या प्लंबरांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, एक माणूस, पाना नाही, दसऱ्यानंतर जोडी बंद.

देवाप्पा आला तेव्हा बसवंत एका बाथरूममध्ये पंधराव्या कपाटाशी बसला होता, उजवा हात आत. पायांचा आवाज ओळखून त्यानं हात बाहेर काढला आणि बेसिनच्या ओट्याच्या कडेवर टेकून उठू लागला. देवाप्पाच्या हातात लांब पाना होता. त्यावर कावेरीनं सकाळी ओढलेली कुंकवाची बोटं तशीच होती.

"मला काढायला केलंस व्हय हे?"

बारा वर्षांत त्यानं बसवंतला तोंडावर एकेरी हाक मारली नव्हती, मारामारीतही नाही.

"आपली भांडणं मिटावीत म्हणून केलं देवाप्पा."

"मिटली की मग."

पाना ओट्यावर टेकलेल्या हातावर आला. मग पुन्हा, आणि पुन्हा, दगडावर मसाला कुटावा तसा. बोटं ग्रॅनाइटवर सपाट झालेली बसवंतनं पाहिली. कळ यायच्या आधीच त्यानं डाव्या हातानं न बसवलेला नळ उचलला आणि देवाप्पाच्या कानशिलावर हाणला. देवाप्पा बाथटबच्या काठावर आपटला, कानातून रक्त आलं. बसवंतनं त्याच्या गळ्यावर पाय ठेवला. देवाप्पाचे डोळे वर जायला लागले. पाय काढायचा आहे हे बसवंतला ठाऊक होतं, तरी पाय निघेना. दोन वॉचमननी त्याला मागून कव घालून ओढलं.

रणजीत दारात पांढरा पडला होता. "पाना निसटला म्हणा," तो म्हणाला. "दोघंही तेच सांगा. नाहीतर साइट बंद होईल बावा."

दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर टाकलं. कावेरी धापा टाकत आली, एका वॉचमननं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. डॉक्टर पवित्रा तरुण होती. तिनं कन्नडमध्ये विचारलं, काय झालं. बसवंत नेहमीच्या सवयीनं म्हणाला, पाना निसटला. देवाप्पानं मान डोलवली. बारा वर्षांत त्या दोघांचं एवढं एकमत क्वचितच झालं असेल. मग दोघांनी कावेरीकडं पाहिलं.

कावेरीनं नवऱ्याचा हात पाहिला. मग भावाचा कान.

"पाना तिथं नव्हताच," ती म्हणाली. "ह्यांनी केलेल्या नटाला पाना लागत नाही. पाना माझ्या घरी पूजेत होता. माझ्या भावानं तो पाटावरनं उचलला आणि ह्यांचा हात ठेचला. ह्यांनी त्याचं डोकं फोडलं आणि गळ्यावर पाय दिला. दोन्ही लिहून घ्या."

"अक्का, गप बस," देवाप्पा पडल्या पडल्या म्हणाला.

"बारा वर्षं बसले की."

"घर मोडायलीस तू," बसवंत म्हणाला. त्याच्या आवाजात मार खाल्ल्यापेक्षा जास्त काहीतरी होतं. तिनं त्याच्याकडं न बघता डॉक्टरला दोघांची नावं, वय, पत्ता सांगितला. स्पेलिंगसुद्धा तपासलं.

दोघांवर केस झाली. देवाप्पा अकरा दिवस आत होता, बसवंत प्लॅस्टर घातल्यावर चार. जामिनावर सुटताना कोर्टातल्या साहेबांनी अट घातली, एकमेकांच्या जवळ जायचं नाही. ती अट कावेरीनंच मागून घेतली होती, हे बसवंतला पुढं कळलं. महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. ती ताट वाढायची, तो जेवायचा.

उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत आता. बसवंत कानस डाव्या हातात धरतो, तुकडा पायात दाबतो. आठवड्याला तीस-पस्तीस नट होतात. त्यातले निम्मे कावेरी पिशवीत घालून बसनं भावाकडं नेते. देवाप्पानं आता स्वतःचं काम धरलंय, पलीकडं केंगेरीला, एकट्यानं. पहिल्यांदा त्यानं पिशवी गटारात फेकली होती. दुसऱ्यांदा ठेवून घेतली.

परवा ती संध्याकाळी परतली तेव्हा बसवंत पायरीवर घासत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"कसा हाय?"

"जिवंत हाय," कावेरी म्हणाली, आणि भाकरीचं पीठ काढायला आत गेली.