दोन बोटांचा समास

आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांना सगळे समासबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. कोणता पंप कधी सुरू करायचा, कोणत्या टाकीत पाणी कधी सोडायचं, हे ठरवणारे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. ते कागदावर छापून काढायचं काम बाईंचं.

त्यांचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यामुळे अक्षराची नजर घरातूनच आलेली. आमचे कागद प्रिंटरमधून निघत तेव्हा सगळ्या ओळी एकमेकींच्या अंगावर पडलेल्या असत. कुठे काय सुरू होतं नि कुठे संपतं, लिहिणाऱ्यालाही आठ दिवसांनी कळत नसे. बाईंना ते बघवेना. दोन वर्षं खपून त्यांनी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. आमचं लिखाण त्यात घातलं की देखणं होऊन बाहेर पडायचं. यंत्राला दिलेले हुकूम ठळक, माणसांसाठी लिहिलेल्या टिपा तिरक्या, ओळी पायरीपायरीने आत सरकलेल्या आणि शेवटी कोणतं नाव कोणत्या पानावर आहे याची सूची.

आम्ही हसलो. "बाई, याला काय लग्नाला न्यायचंय?" असं मीच विचारलं होतं.

"वाचायचंय," त्या म्हणाल्या.

वाचणारा मात्र एकच होता. दूर नदीकाठच्या पंपघरात एक तपासनीस होते. नवा प्रोग्रॅम यंत्रावर चढवण्याआधी त्यांनी तो कागदावर ओळ न ओळ वाचायचा, असा नियम होता. बाईंनी नव्या पद्धतीने छापलेलं पहिलं पुडकं टपालाने गेलं आणि आठवड्याने परत आलं. चौदाव्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'ही ओळ एक पायरी आत हवी.' बाईंनी पाहिलं, खरंच हवी होती. आणि चूक आमची नव्हती, त्यांच्या प्रोग्रॅमची होती. त्यांनी ती सुधारली. पुढच्या पुडक्यावर शेरा आला, 'आता बरोबर. सूची उपयोगी. पेन्सिलीला जागा कमी पडते.' तेव्हापासून बाई उजवीकडे दोन बोटं समास सोडू लागल्या, आणि त्यांना ते नाव पडलं.

अकरा वर्षं हे चाललं. 'पान तीनवरची टीप लिहिणारा घाईत होता,' असं तपासनीस लिहायचे. बाई पुढच्या पुडक्याच्या शेवटच्या पानावर लिहायच्या, 'होता. मुलगी आजारी होती.' टेबलावर फोन होता. एकदा मी म्हटलंही, लावा की फोन. बोलण्यासारखं काय आहे, कामाचंच तर असतं, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. पण पुडकं आलं की त्या आमच्यात जेवायला येत नसत. टेबलाशीच डबा उघडून एकेक पान उलटत बसत. घरी वडिलांच्या मागे त्या एकट्याच होत्या. धाकटा भाऊ लांब जाऊन राहिलेला. त्याच्याशी बोलणं तब्येतीवर सुरू व्हायचं आणि तब्येतीवरच संपायचं.

मग आम्हाला रंगीत अक्षरांचे स्क्रीन मिळाले. प्रोग्रॅम तारेवरून परस्पर जाऊ लागले आणि कागदावर तपासण्याचा नियम एका परिपत्रकाने रद्द झाला. छापणं थांबवा, असं बाईंना कोणी सांगितलं नाही. त्यांची आठवणच कोणाला झाली नाही. त्या छापत राहिल्या, पाठवत राहिल्या. पुडकी परत येणं तेवढं बंद झालं. पाच महिन्यांत पाच पुडकी गेली. "त्यांनाही आता स्क्रीनच बरा वाटत असेल," त्या मला म्हणाल्या, आज ढगाळ आहे म्हणावं तशा.

एका सुट्टीच्या दिवशी त्या बसने पंपघराला गेल्या. तिथल्या कारकुनाने कपाट उघडलं. आत त्यांची पाचही पुडकी होती, सुतळीची गाठसुद्धा न सोडलेली. तपासनिसांना अर्धांगाचा झटका आला होता. ते घरीच असतात, कारकून म्हणाला, आणि त्याने पत्ता दिला. बाईंनी पुडकी काखेत मारली.

दार सुनेने उघडलं. बाईंनी नुसती कचेरी सांगितली.

"म्हणजे समास सोडणाऱ्या तुम्हीच का? बाबा सांगायचे," सून म्हणाली.

तपासनीस खिडकीशी खुर्चीत होते. वाचा गेलेली, उजवा हात मांडीवर निपचित. मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी सुतळी सोडून एक पुडकं त्यांच्यापुढे ठेवलं. डाव्या हाताचं बोट ओळींवरून सावकाश खाली सरकू लागलं. सहाव्या पानावर ते थांबलं. बाई वाकल्या, चूक शोधू लागल्या. पुन्हा पुन्हा वाचलं. ओळ बरोबर होती. मग बोट पुढे गेलं. त्यांनी मान काही वर केली नाही.

निघताना सून म्हणाली, "दुपार त्यांना खायला उठते हो. अजून असेल तर पाठवाल का? जुनं चालेल."

हे सगळं बाईंनी मला दुसऱ्या दिवशी प्रिंटरपाशी उभ्याने सांगितलं. इतकं लांब बोलणं आमच्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी ओळखलं का तुम्हाला, मी विचारलं.

"ओळखायला आम्ही भेटलो होतो कधी?"

पुढे दीड वर्षं दर महिन्याला एक पुडकं जात होतं. नवं काही आहे का, म्हणून बाई माझ्या टेबलाशी येत. मी टिपा नीट, पूर्ण वाक्यांत लिहू लागलो. त्या दोघांशिवाय त्या टिपा कोणी वाचणार नव्हतं.

एका सकाळी सुनेचा फोन आला, तो मी घेतला. बाई छापत होत्या. तपासनीस गेले, हे मी त्यांच्या जवळ जाऊन हळूच सांगितलं. त्यांनी मान हलवली. बसता का, पाणी आणू का, मी विचारलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "अजून शेवटची पानं यायचीत."

ती येईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.