गावपळणीतली बाग

वेंगुर्ल्यात काजूची कलमं बघून झाली आणि मी मसुऱ्याच्या बाजूला निघालो. तिथल्या एका गावात बायकांनी मिळून नमुन्याची बाग केली आहे, कुणीही यावं, बघावं, शिकून जावं, असं ऐकलं होतं. नाशिकला माझ्या गच्चीवरच्या मिरच्या दर उन्हाळ्यात माना टाकतात, त्यामुळे थोडा स्वार्थही होता. येतोय असं आधी कळवावं, हे मात्र मला सुचलं नाही. मी असाच आहे.

एसटीतून उतरलो तर अख्खं गाव माझ्याच दिशेने चालत येत होतं. डोक्यावर बोचकी, काखेत कोंबड्या, टेम्पोत भांडीकुंडी, मागे गुरं. ती बाग चालवणाऱ्या सुलभाताई कोण, असं विचारत गेलो तर त्याच पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. "चुकीच्या दिवशी इलास," त्या हसून म्हणाल्या. "आज गावपळण. आमी गाव सोडतंव."

गावपळण म्हणजे काही वर्षांनी एकदा सगळं गाव तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. आत माणूस नाही, गुरं नाहीत, चूल नाही. गाव त्या काळात देवाचं. मग देवळात कौल (देवाची परवानगी) लावायचा आणि तो मिळाला तरच परतायचं.

निघायच्या घाईतही सुलभाताईंनी मागे फिरून मला बाग दाखवली. रेताड जमीन, पाणी घातलं की खाली पळणारं. म्हणून त्यांनी वाफ्यांत कच्च्या भाजणीची मडकी गळ्यापर्यंत पुरली होती, तोंडावर करवंटी आणि भोवती सोडणं (नारळाची साल) अंथरलेली. मडकं हळूहळू पाझरतं आणि मुळं आपापलं पाणी ओढून घेतात. मिरची आणि वांग्याची कोवळी रोपं नुकतीच लावली होती. पगार कुणालाच नाही. घरचं आवरून ज्या येतात त्या शिकतात आणि दुसरीला शिकवतात.

मागच्या वर्षी भातकापणीच्या गडबडीत पाण्याकडे दुर्लक्ष झालं, सगळे वाफे वाळले आणि बायका यायच्या बंद झाल्या. यंदा मडकीच पाणी देतील, या बोलीवर सुलभाताईंनी त्यांना पुन्हा गोळा केलं होतं. त्यांच्या चुलत सासूबाई, शेवंताकाकी, तेवढ्या बांधावरूनच बघत. "खापराच्या भरवशार भाजी जगता काय गो?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं. ही रोपं गेली तर कुणी परत फिरकणार नाही, हे सुलभाताईंनी मला सरळच सांगितलं. मग त्यांनी शेवटचं मडकं भरलं, करवंटी ठेवली आणि आम्ही गावाबाहेर पडलो.

वेशीपलीकडच्या माळावर झापांच्या (नारळाच्या विणलेल्या पानांच्या) खोपी उभ्या होत्या. मला परत पाठवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सुलभाताईंच्या शेजारी रझियाभाभींची खोप होती. त्याही बागेतल्याच. तुम्हालाही हा नेम लागू आहे का, असं मी भोचकपणे विचारलं. "गाव सगळ्यांचो," त्या म्हणाल्या. "भायर पडूचा तर सगळ्यांनी." त्यांनी वाढलेलं कुर्ल्यांचं (खेकड्यांचं) सार मी बोटं चाटून खाल्लं आणि शर्टावरही सांडलं.

दिवस भजनात, फुगड्यांत, नदीतल्या डुंबण्यात गेले. सुलभाताई मात्र सारख्या गावाकडे बघत. ऊन कडक होतं. तीन रात्री सरल्या, मानकरी देवळात जाऊन आले आणि म्हणाले, देवाने कौल दिला नाही. अजून एक रात्र.

सुलभाताईंचा चेहरा उतरला. मला राहवलं नाही. मी गावचा नाही, कुणाच्या नकळत एक फेरी मारतो, दोन बादल्या घालून येतो, असं म्हणालो. रझियाभाभींनी पळी खाली ठेवली.

"नको," सुलभाताई म्हणाल्या. "ह्या दिवसात थंय कोणी जायत नाय. आणि तुमी पाणी घातलास, तर झाडां कशान जगली, ता माका कधी कळाचा नाय."

दुसऱ्या दिवशी कौल मिळाला. ढोल वाजले, कोंबड्या पुन्हा काखेत गेल्या. परतल्यावर आधी घर उघडून दिवा लावायचा, अशी सगळ्यांची घाई. सुलभाताईंची पावलं मात्र जड झाली होती. बागेपाशी पोचलो तर शेवंताकाकी आधीच आत होत्या, बोचकं अजून डोक्यावर. कडेला मडक्यांपासून लांब लावलेली माठाची भाजी वाळून गेली होती. मिरची उभी होती. वांगीही उभी होती, खालची काही पानं तेवढी पिवळी.

काकींनी बोचकं खाली ठेवलं, वाकून करवंटी उचलली, मडक्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग ओला हात लुगड्याला पुसला.

"सुलभा," त्या म्हणाल्या, "माका दोन मडकी दी. परसात पुरूची आसत."

सुलभाताईंनी तोंडाला पदर लावला. रझियाभाभी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. माझेही डोळे भरून आले, ते लपवायचं मला कारण दिसलं नाही.

परतीच्या एसटीत त्या माणसांविषयीच्या कृतज्ञतेने मन भरून गेलं होतं. न कळवता आलेल्याला त्यांनी ताट दिलं, पथारी दिली, वाफ्यातली विद्या दिली. पण सगळ्यात जास्त आभार मला त्या एका "नको"चे मानायचे आहेत. त्या रात्री मी बादली घेऊन गेलो असतो, तर रोपं माझ्यामुळे वाचली असं मीच घरी येऊन सांगितलं असतं. आणि शेवंताकाकी अजून बांधावरच उभ्या असत्या.