साडूभाऊंची ठिणगी

आमच्या साडूभाऊंना बंद पडलेल्या मोटारीनं जितकं सुख दिलं, तितकं चालत्या मोटारीनं कधी दिलं नाही. साऱ्या निमाडात इंजिनाशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घरात आमच्या मेव्हणीबाईंना 'अगं' म्हणणारा हा गृहस्थ इंजिनाला 'अहो' म्हणे!

बहादरपुरात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडे एक म्हातारी विलायती मोटर होती. तिची मूळची बॅटरी आणि कॉइल काढून त्यांनी मुंबईहून टपालानं मॅग्नेटो मागवलं आणि स्वतः बसवलं. इंजिन फिरलं की स्वतःची वीज स्वतः करणारं ते यंत्र. "दुसऱ्याच्या विजेवर काहून जगायचं?" असं ते म्हणत. मोटर अडली की अंदाज बांधायचा नाही, ठिणगीला विचारायचं, हा त्यांचा नियम. प्लग काढून इंजिनावर आडवा ठेवायचा, मी पुढचं हॅण्डल मारून इंजिन फिरवायचं, आणि ते डोक्यावरून उपरणं ओढून त्या काळोखात निळी ठिणगी शोधत. एकदा भर बाजारात ते असे बसले असता एका म्हातारीनं पुढ्यात फूल ठेवून नमस्कार केला. साडूभाऊंनी आतूनच आशीर्वाद दिला.

एका दसऱ्याला मात्र माझी गाळण उडाली. दुसऱ्या दिवशी नागपुरात शाळाखात्याच्या साहेबापुढे मुलाखत होती. तीन वर्षं हंगामी मास्तरकी करून मी विटलो होतो. त्या संध्याकाळची नागपूरची आगगाडी चुकली की कायमची नोकरी गेलीच. आमच्याकडे दसऱ्याला टांगेवाले घोडे पूजतात, जुंपत नाहीत. सारी भिस्त साडूभाऊंवर, आणि लालबागच्या स्टेशनात गाडी यायला जेमतेम तास उरलेला.

मी हॅण्डल मारलं. मोटर ढिम्म! साडूभाऊ उपरण्यात शिरले. "ठिणगी नाही, मास्तर." तार हलवून झाली, प्लग बदलून झाला. शेवटी तारेला स्वतःचं बोट लावून म्हणाले, "मारा!" झटका बसला नाही म्हणून इतका हिरमुसलेला माणूस मी त्याच दिवशी पाहिला.

मेव्हणीबाई दारातून म्हणाल्या, "सकाळी पूजा तर बराबर केली होती ना?"

साडूभाऊ चमकले. देव आत बसलेला असताना दाराला कुंकू काहून लावायचं, म्हणून त्यांनी सकाळी मॅग्नेटोचं झाकण उघडून पूजा केली होती. आता पुन्हा उघडलं, तर ठिणगीचा जन्म होतो त्या दोन इवल्याशा टोकांमध्ये तुपात कालवलेल्या हळदकुंकवाचा लेप! "जाड कागद द्या," ते म्हणाले. माझ्याजवळ जाड कागद एकच, मुलाखतीचं बोलावणं. त्याचा कोपरा त्यांनी त्या टोकांमधून अलगद ओढला, दोनदा, तीनदा. सरकारी कागद लालपिवळा झाला. मी हॅण्डल मारलं आणि उपरण्यातून आरोळी आली, "आले! आले महाराज!"

पोचलो तेव्हा गाडी फलाटावर उभीच होती. खिडकीशी बसून मी काही बोलणार, तोच काळे हात धोतराला पुसत ते म्हणाले, "खरं सांगू मास्तर? ठिणगी येत नव्हती ना, तवा मनाला बरंच वाटत होतं. म्हटलं, आता तुम्ही काही जात नाही."

"मग दुरुस्त कशाला केलीत?"

"खराबी सापडली. मग लपवायची कशी?"

गाडी हलली. नोकरी मिळाली, पुढे बढत्याही मिळाल्या, आणि मी नागपूरचाच झालो. पण माझ्या जाण्याचं इतकं वाईट वाटणारा, आणि तरी मला वेळेवर गाडीत बसवून देणारा शेजारी पुन्हा काही मिळाला नाही.