भाऊजींची शिंगरं

रोह्यापासून पेणपर्यंत रेल्वेच्या कडेनं जेवढी माणसं राहतात, त्यांत सगळ्यात सुखी माणूस म्हणजे आमचे मोठे दीर. हे मी पैजेवर सांगते. अडचण एवढीच, की त्यांच्या सुखाचं कारण चारचौघांत सांगायची सोय नाही. कुणाचे दीर भजनात रमतात, कुणाचे गावकीच्या भांडणात, कुणाचे रविवारी गळ घेऊन नदीवर जातात. आमचे भाऊजी बाहुल्यांत रमतात. बरं, माणूस किरकोळ, नाजूक असता तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण भाऊजींची मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते अजून कुणाला कळलेलं नाही. तरुणपणी कबड्डीत ते डाव्या कोपऱ्याला उभे राहायचे, आणि त्यांनी घोटा धरला की चढाईला आलेला गडी म्हणे स्वतःहून बाद व्हायचा. मिशी अशी, की रोह्याजवळच्या आमच्या वरश्यात नवीन राहायला आलेली माणसं पहिले काही महिने त्यांना पोलीसच समजतात. हा माणूस कंपनीत बॉयलर सांभाळतो, पहिली शिफ्ट करून दुपारी घरी येतो, हातपाय धुतो, चहा घेतो आणि मांडीवर टॉवेल पसरून बाहुलीचे केस विंचरायला बसतो.

याची सुरुवात माझ्या पुतणीपासून झाली. सायली तेव्हा प्राथमिक शाळेत होती. टीव्हीवर रंगीबेरंगी शिंगरांचं एक कार्टून लागायचं. डोंगरावरच्या गावात राहणारी, गाणी म्हणणारी, दर भागात एकमेकींशी भांडून शेवटी गळ्यात गळे घालणारी शिंगरं. पोरीची शाळा आणि बापाची शिफ्ट एकाच सुमाराला सुटायची, त्यामुळे दोघं मांडीला मांडी लावून बघायची. मग त्या शिंगरांची खेळणी आली, तीही घरात आली. पुढे सायली मोठी झाली, तिनं मोबाइल धरला, मैत्रिणी धरल्या, अभ्यास धरला. शिंगरं सुटली. भाऊजींची नाही सुटली. ते एकटेच बसून बघायचे, आणि सायली स्वयंपाकघरातून पाणी घेऊन जाताना तिला सांगायचे, "बघ गो, आज मोरपंखी कशी चुकली ती." घोड्यांची मूळ नावं इंग्रजी आणि लांबलचक. भाऊजींनी त्यांना साड्यांच्या रंगांची नावं दिली होती. मोरपंखी, अबोली, शेंदरी, डाळिंबी. जाऊबाई म्हणायच्या, "माझ्यासाठी साडी आणायला पाठवलं तर लाल आणि हिरवी एवढंच कळतं ह्यांना."

कंपनीच्या कँटीनमध्ये एकदा कुणीतरी हसलं. भाऊजी रागावले नाहीत. त्यांनी त्या माणसाचं मनगट धरलं, शेजारी बसवलं आणि आदल्या दिवशीचा अख्खा भाग सांगितला. मनगट सोडवून घेण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी तोच माणूस ताट घेऊन आपण होऊन शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मग त्या डाळिंबीचं काय झालं?"

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग त्या कार्टूनवाल्यांनी घात केला. त्यांनी शिंगरांच्या मुली केल्या. नव्या मालिकेत ती शिंगरं डोंगर उतरून शहरात शिकायला येतात, आणि शहरात पाऊल टाकलं की त्यांच्या माणसांच्या मुली होतात. सुट्टीत घरी गेल्या की परत शिंगरं. साहजिकच बाजारात त्यांच्या बाहुल्या आल्या. उंच, सडपातळ, कमरेपर्यंत रंगीत केस, डोक्यावर घोडीचे दोन कान तेवढे शिल्लक, आखूड झगे आणि गुडघ्यापर्यंत बूट. रोह्याच्या बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानात भाऊजींनी त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. दुकानदार नवीन होता. त्यानं अदबीनं विचारलं, "कितव्या वर्षात आहे बाळ?"

"अठ्ठेचाळिसाव्या," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी एक खोका उचलून डोळ्यांजवळ नेला. "ही कोन?"

"नवीन फॅशनची आहे काका. खूप चालते."

"ही अबोली हाय. हिला बूट कशाला घातलेत? टापा कुठं गेल्या हिच्या?" दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले. भाऊजींनी त्याला तिथेच बरंच काही सुनावलं: घोडी ती घोडी, तिला मुलगी करायची काय गरज होती, डोंगरावर तिचं काय अडलं होतं, आणि हा झगा घालून ही पळणार कशी. शेवटी खोका जागेवर ठेवून ते म्हणाले, "ह्या माझ्या घरात यायच्या नायत." पुढे वर्षभर ते त्या दुकानावरून जाताना मान दुसरीकडे वळवत.

मग सायलीला पुण्याला औषधशास्त्राला प्रवेश मिळाला. सोडायला भाऊजी गेले. गादी, बादली, लाडवांचा डबा, सगळं वसतिगृहाच्या जिन्यावरून त्यांनीच चढवलं. तिथं पुरुषांना थांबू देत नव्हते, म्हणून खाली अंगणात उभे राहिले. सायली वरच्या खिडकीत आली, हात हलवला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून आत गेली. हे मला सायलीनंच पुढे सांगितलं. भाऊजींनी घरी येऊन सांगितलं ते एवढंच, की बादलीचा कान जरा कच्चा वाटतो. पण त्यांच्या हातात एक खोका होता. त्यातून त्यांनी अबोली काढली, तीच बुटांतली, आणि शोकेसमध्ये कबड्डीच्या ढालींच्या पुढे उभी केली. जाऊबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "ह्या येणार नव्हत्या ना घरात?"

"आली आता," भाऊजी म्हणाले.

त्यानंतर बाकीच्याही आल्या, एकेक करून. आणि भाऊजींनी जे मांडलं ते आमच्या अंगणात बघायला मिळालं. रविवारी बाहुल्यांना न्हाणं. कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब, मग केसांना खोबरेल तेल अगदी बोटाच्या टोकानं, मग कपड्यांच्या दोरीला झग्यांसकट चिमटे लावून उन्हात. दूधवाला एकदा दोरीखाली थबकून वर बघत राहिला आणि दूध सायकलच्या चाकावर ओतून गेला. विंचरायला त्यांनी मिशीचाच छोटा कंगवा घेतला होता. एकदा कंपनीत साहेबांशी बोलताना त्यांच्या मिशीत जांभळा केस चमकत होता, असं माझ्या यजमानांना कुणीतरी सांगितलं. अबोलीचा एक बूट हरवला तेव्हा तर भाऊजींनी घर उलटं केलं. कपाटं सरकवली, केराची टोपली अंगणात पसरून बघितली, मोरीच्या जाळीत हात घातला. जाऊबाई शांतपणे तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मी हरवले तर एवढं शोधाल?"

"तू कशाला हरवशील?" मोरीतून आवाज आला. "तुझा आवाज येतो की."

असं आमचं चाललं होतं, आणि शिकून नोकरीला लागलेल्या सायलीनं एक दिवस फोनवर सांगितलं की तिच्याबरोबर शिकलेला एक मुलगा आहे, पेणचा, रामवाडीत घर आहे, आणि त्याचे आईवडील आमच्याकडे यायचं म्हणतात. मुलाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सायलीनं आधीच सावध करून ठेवलं होतं ते त्याच्या आईबद्दल. "त्या वाईट नाहीत," ती म्हणाली, "फक्त हसत नाहीत. आणि त्यांनी एकदा नाही म्हटलं की त्यांच्या घरात ते कुणी पुन्हा काढत नाही."

जाऊबाईंनी त्या दिवशी सकाळीच शोकेसवर चादर टाकली. भाऊजींनी आंघोळीहून येऊन ती काढून घडी घातली. पुन्हा टाकली, पुन्हा काढली. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरीचं लग्न मोडेल तुमच्या नादापायी. लोक काय समजतील?" तेव्हा सायली मधे पडली. ती बापाजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, राहू देत बाहुल्या. पण त्यांनी विचारलं तर माझ्या आहेत म्हणा. लहानपणीच्या. एवढं एकदाच." भाऊजींनी हातातली चादर कपाटात ठेवली. मग म्हणाले, "बरं."

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, कोण कुठलं ते झालं. मुलाचे वडील मोकळे होते, त्यांना भाऊजींच्या कबड्डीतच रस. आई मात्र ताठ बसून घर न्याहाळत होत्या, आणि त्यांची नजर फिरत फिरत शोकेसवर जाऊन थांबली. "ह्या कुणाच्या?"

जाऊबाईंनी घाईघाईनं सांगितलं, "सायलीच्या. तिला आवडतात."

"अजून?" बाई म्हणाल्या. त्या एका शब्दात बरंच होतं. त्यांनी सायलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नोकरी करते म्हणाला होतात ना ही? आणि ह्यांच्याशी खेळते?"

सायलीची मान खाली गेली. मी दारात ट्रे घेऊन उभी होते, मला भाऊजींचा चेहरा दिसत होता. त्यांनी कबूल केलं होतं, आणि ते शब्दाला पक्के. त्यांना बोलायचं कारण नव्हतं. पण पोरीची मान खाली गेलेली त्यांनी पाहिली आणि ते म्हणाले, "नाय हो. तिच्या नायत. माझ्या हायत."

"तुमच्या?"

"व्हय. ती कधीच सोडून बसली. मीच धुतो, मीच विंचरतो. तिला त्यातलं काय नका बोलू." आणि मग, बोललोच आहोत तर नीट सांगावं, अशा थाटात ते उठले, अबोलीला काढून त्यांनी बाईंच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. डोंगरावरचं गाव, शहरातली शाळा, टापा जाऊन बूट कसे आले, आणि पहिल्यांदा आपल्याला त्याचा किती राग आला होता. मुलाचे वडील कपबशी हातात धरून ऐकत होते. जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले होते. बाईंनी बाहुली उलटीपालटी करून पाहिली.

"हिला एकच बूट आहे."

"दुसरा हरवलाय. शोधतोय."

"आणि मुलगी सासरी गेली की ह्या सगळ्या तिच्याबरोबर येणार?"

"नाय," भाऊजी म्हणाले. "ती जाईल. ह्या राहतील."

बाईंनी बाहुलीच्या झग्याची कॉलर बोटानं सरळ केली, उठून ती आपल्या हातानं शोकेसमध्ये होती तिथे उभी केली, आणि परत जागेवर येऊन बसल्या. मग नवऱ्याकडे बोट दाखवून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्या म्हणाल्या, "ह्यांनी घरात पोपट पाळलेत. सगळ्या खोल्यांतून. बाहुल्या निदान बोलत तरी नाहीत." आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "लग्न पेणला केलं तर तुम्हाला चालेल का?"

लग्न पेणलाच झालं. पाठवणीच्या वेळी सगळे भाऊजींकडे बघत होते, कारण एवढा मोठा माणूस रडतो कसा याची लोकांना उत्सुकता होती. त्यांनी निराशा केली. गाडीचं दार नीट लागलंय की नाही ते त्यांनी दोनदा ओढून पाहिलं, ड्रायव्हरला सावकाश जा म्हणाले, आणि जेवणाच्या पंगतीत वाढायला गेले. विहीणबाईंशी त्यांचं आता चांगलं जमतं. त्या अजूनही हसत नाहीत, पण त्यांनी आपल्या हातानं विणलेला इवलासा लोकरी कोट मध्ये एकदा पापडांच्या डब्यातून पाठवला होता. मोरपंखीच्या अंगावर तो अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. भाऊजी आठवडाभर ज्याला त्याला दाखवत होते.

मागच्या महिन्यात भाऊजी, जाऊबाई आणि मी असे तिघं सायलीकडे जेवायला गेलो होतो. तिची सुट्टी नव्हती, एका दवाखान्यातल्या औषधांच्या दुकानात ती काम करते. जेवणापुरती घरी आली, आम्हाला वाढलं, निम्मं स्वतः उभ्यानं खाल्लं आणि "बाबा, तब्येत सांभाळा," असं म्हणून पळाली. मग आम्हीही निघालो. पेण स्टेशनवर ऊन उतरत होतं. रोह्याची गाडी वेळेवर आली. समोरच्या डब्यात तीन माणसं आणि एक कोंबड्यांची पाटी होती. जाऊबाई पिशवी उचलून पुढे झाल्या, पण भाऊजी बाकावरून उठेनात.

"चला की," मी म्हटलं.

"ही नको. गर्दी हाय."

आम्ही दोघींनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. गाडी सुटली आणि कासू स्टेशनच्या दिशेनं निघून गेली. पुढची थेट संध्याकाळी आहे ते तिघांनाही माहीत होतं. जाऊबाई आता तोंड सोडणार म्हणून मी तयारीत होते, पण त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि त्या भाऊजींच्या शेजारी टेकल्या. भाऊजी स्टेशनच्या तारेपलीकडच्या रस्त्याकडे बघत होते.

"पाच वाजता सुटते ती," ते म्हणाले. "इथनंच जाते घरी."

पाच वाजून गेल्यावर खरंच सायलीची स्कूटर आली. पाठीला बॅग, ओढणी मानेभोवती घट्ट बांधलेली, समोर नजर. कुणालातरी वाट द्यायला जराशी थांबली, हॉर्न वाजवला आणि वळणावरून गेली.

"अहो, हाक मारायची ना!" जाऊबाई म्हणाल्या.

"कशाला?" भाऊजी म्हणाले. "घाईत हाय पोरगी. स्कूटर चांगली चालवते ना?"

"चांगली चालवते," जाऊबाई म्हणाल्या.

मग आम्ही शेंगदाण्याच्या तीन पुड्या घेतल्या आणि संध्याकाळच्या गाडीची वाट बघत बसलो.